सामुराई फँटसी कॅम्पेनसाठी (रोल-प्लेइंग खेळातली अनेक सत्रं चालणारी गोष्ट) साहस कसं रचावं? आमचे खेळाडू लगेच तलवारी उपसतात आणि गोष्ट तिथेच संपते.

राक्षस नंतर आणा, आधी कर्तव्याचा पेच टाका. १७०१ मध्ये एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्यात आसानो या सरदाराने किरा या दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र उगारलं. त्याच दिवशी आसानोला सेप्पुकूची, म्हणजे पोट चिरून जीव देण्याची, शिक्षा झाली आणि त्याचे सामुराई रोनिन, म्हणजे बिनधन्याचे, झाले. धन्याचा सूड घ्यायचा की शोगुनचा, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याचा, कायदा पाळायचा? अख्खं कॅम्पेन यावर निघेल.

आता तलवारीचं. तलवार उपसली की घराण्याला किंमत मोजावी लागते, हे पहिल्याच सत्रात दाखवा. नुसतं सांगून कोणी ऐकत नाही!

जागा म्हणाल तर माझी पसंती एदो-क्योतो जोडणाऱ्या तोकाइदो रस्त्यावरच्या हाकोने नाक्याला. दाइम्योंच्या, म्हणजे मोठ्या सरदारांच्या, बायकामुलांना एदोत जवळपास ओलीस म्हणूनच राहावं लागे. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या बायकांची कसून झडती व्हायची. नाक्यावरची म्हातारी केस सोडायला लावून तपासायची. तुमच्या खेळाडूंना धन्याच्या पत्नीला इथून गुपचूप बाहेर काढायचंय. नाक्याचा अधिकारी त्यांच्यातल्याच एकाचा मेहुणा करा. आणि म्हातारीने केसांत हात घातल्यावर कळू दे की पालखीतली बाई मुळात कित्सुने आहे, म्हणजे रूप बदलणारी कोल्हीण. मग खरी पत्नी कुठंय? पुढची दोन-तीन सत्रं आयती मिळाली.

कप्पा (जपानी लोककथांतला पाण्यातला राक्षस) वगैरे प्रवासात तोंडी लावायला ठेवा. त्याला वाकून नमस्कार केला की तोही वाकतो, डोक्यावरच्या खळग्यातलं पाणी सांडतं आणि त्याची शक्ती जाते. तलवारीला हात न लावता सुटका!