सांगलीत राहून प्रोग्रॅमिंग येईल का, की पुण्याला क्लासच लावावा?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, वडील मार्केट यार्डात दिवाणजी आहेत, सहा महिने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे व्हिडिओ बघितलेत आणि कोरी फाइल उघडली की एक ओळ सुचत नाही. घरचे म्हणतात, कॉमर्सवाल्याचं हे काम नव्हे.

घरच्यांचं हे म्हणणं साफ चूक आहे. हे वाक्य मी फार वर्षं ऐकतोय आणि मला ते कधीच पटलेलं नाही. ज्या घरात रोज पट्टी, म्हणजे शेतमालाच्या विक्रीचा हिशोब, लिहिली जाते, त्या घरातल्या मुलानं कॅल्क्युलेटर आणि टिक-टॅक-टो कशाला बनवायचे? हळदीची पट्टी बनवा.

आधी कागदावर. समजा तीन पोती: ४९.८५०, ५०.२०० आणि ४८.९५० किलो. एकूण १४९ किलो. दर क्विंटलला १४,५०० म्हणजे २१,६०५ रुपये. हमाली पोत्याला १२.५० आणि तोलाई ५ धरली तर ५२.५० वजा, हातात २१,५५२.५०. वडील रुपयात पट्टी करताना २१,५५३ लिहितील. आता हेच प्रोग्रॅमकडून काढून घ्या.

पहिली ठेच इनपुटला लागते. कीबोर्डवरून आलेलं वजन पायथनला आकडा नसतो, अक्षरं असतात. दोन पोत्यांची बेरीज केली की ४९.८५०५०.२०० असं चिकटून येतं आणि एररही येत नाही. फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, बदललं की बेरीज होते. वजन देवनागरी आकड्यांत टाइप केलं तरी पायथन ते ओळखतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतलं ‘नंबर’ हे फंक्शन मात्र ओळखत नाही.

दुसरी ठेच खोल आहे. २१५५२.५० ला राउंड हे पूर्ण रुपये करणारं फंक्शन लावा, उत्तर २१५५२ येईल. पायथनचं राउंड बरोबर अर्ध्यावर असलेली रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेतं. वडिलांच्या पट्टीशी एक रुपयाचा फरक, आणि यार्डात एका रुपयावरून पट्टी परत येते. शिवाय फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेवटी एक ४ लोंबतो, कारण ०.१ कॉम्प्युटरच्या बायनरीत (० आणि १ च्या आकड्यांत) नेमका मावत नाही. म्हणून पैशाचा हिशोब पैशांतच ठेवा, पूर्णांकात: २१५५२५० पैसे, त्यात ५० मिळवा, १०० नं पूर्णांक भागाकार करा (बाकी सोडून द्या), २१५५३. वजनही ग्रॅममध्ये घ्या.

तिसरी ठेच मराठीची. शेतकऱ्याचं नाव फाइलमध्ये लिहिताना विंडोजवर युनिकोड एनकोड एरर येऊ शकते, म्हणजे मराठी अक्षरं फाइलमध्ये लिहिता येत नाहीत. फाइल उघडताना एनकोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ सांगा. रकाने वाकडे होतील, कारण ‘सांगली’ डोळ्याला तीन अक्षरं दिसली तरी लांबी मोजणारं लेन हे फंक्शन सहा सांगतं. काना, अनुस्वार, वेलांटी वेगळे मोजले जातात.

या तीन ठेचांत जेवढं शिकाल तेवढं व्हिडिओच्या ढिगातून येत नाही. तिथे एररच दुसऱ्याची असते, आणि ती त्यानं आधीच काढून टाकलेली असते.

रोज तासभर पुरे, पण एक सवय लावा. रन करण्याआधी वहीत लिहा की या ओळीनंतर व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या किमतीत, काय असेल. जिथे उत्तर चुकलं तिथेच थांबून शोधा. एरर खालून वाचायची: शेवटच्या ओळीत चूक कोणती त्याचं नाव, तिच्या वर ओळ क्रमांक. त्या ओळीत काही दिसलं नाही तर वरच्या ओळीत कंस उघडा राहिलाय का बघा. इंग्रजीची भीती नको, या एररींत तेच ते मोजके शब्द फिरून येतात. एआयला एररचा अर्थ विचारा, कोड लिहून मागू नका.

क्लासचं म्हणाल तर पट्टी चालेपर्यंत पुण्याला पैसे घालवू नका. घरी कॉम्प्युटर नसेल किंवा एकट्यानं रोज बसणं होतच नसेल, तर क्लास लावा, सांगलीतलाही चालेल. आणि कंपनीतली नोकरीच हवी असेल तर डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडायच्या रचना), एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि गिट (कोडमधले बदल जपणारं साधन) वेगळं करावं लागेल, ते पट्टीत येत नाही.

पट्टी तयार झाली की वडिलांच्या जुन्या वहीतल्या वीस पट्ट्या तिच्यात घाला आणि जिथे एक रुपयाचा फरक येईल ती मला इथेच कमेंटमध्ये टाका.