वाचकांचे प्रश्न : घरच्या वाय-फायवरचा जुना डेस्कटॉप बदलताना

प्रश्न : आमच्याकडे ११ वर्षांपूर्वी घेतलेला, विंडोज १० वर चालणारा डेस्कटॉप संगणक आहे. राउटर बाहेरच्या खोलीत आणि संगणक आतल्या खोलीत असल्यामुळे त्याला यूएसबीचा वाय-फाय अडॅप्टर लावला आहे. प्रिंटर याच संगणकाला केबलने जोडलेला असून घरातले दोन लॅपटॉपही त्याच्यामार्फतच छपाई करतात. सर्वांचे फोटो आणि कागदपत्रेही त्याच्यावरच्या एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहेत. आता नवा डेस्कटॉप घ्यायचे ठरवले आहे. वाय-फायचा पासवर्ड टाकला की नवा संगणक जुन्याची जागा घेईल का? राउटरही बदलावा लागेल का?

उत्तर : पासवर्ड टाकल्यावर नव्या संगणकावर इंटरनेट लगेच सुरू होईल, परंतु तेवढ्याने तो जुन्याची जागा घेणार नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. तुमचा डेस्कटॉप केवळ समोर बसून वापरण्याचा संगणक राहिलेला नाही. तो घराचा प्रिंट सर्व्हर आणि फाइल सर्व्हरही आहे, म्हणजे इतर संगणकांची छपाई आणि सर्वांच्या फायली तोच सांभाळतो. ही कामे तो इतकी वर्षे बिनबोभाट करत आल्यामुळे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत, आणि तो बंद करून ठेवल्यावर लॅपटॉपवरून छपाई का होत नाही याचा शोध सुरू होतो. म्हणून नव्या यंत्राचा प्रोसेसर कोणता असावा याचा विचार करण्याआधी, जुन्या यंत्रावर घरातले कोण कशासाठी अवलंबून आहे हे प्रत्येकाला विचारून लिहून काढावे.

बदलण्याचा निर्णय मात्र योग्य आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले असून त्यानंतरचे सुरक्षा अपडेट वेगळी नोंदणी करणाऱ्यांनाच आणि तेही मर्यादित काळापुरते मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो; तो तुमच्या यंत्रात असणे शक्य नाही.

प्रिंटरपासून सुरुवात करावी, कारण घरातल्या सर्व उपकरणांत तोच सर्वाधिक हट्टी असतो. त्याच्या मागे लॅन केबलचे सॉकेट किंवा त्याच्या मेनूमध्ये वायरलेसचा पर्याय आहे का ते पाहावे. अनेक घरांत प्रिंटरला वाय-फाय असूनही पहिल्या दिवशी जोडलेली यूएसबी केबल तशीच राहून गेलेली असते. तशी सोय असेल तर प्रिंटर थेट राउटरशी जोडावा आणि राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये त्याच्यासाठी एक आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) राखून ठेवावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलून प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसणार नाही. यापुढे छपाईसाठी कोणताही विशिष्ट संगणक चालू ठेवावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. प्रिंटर केवळ यूएसबीचाच असेल तर तो नव्या संगणकाला जोडून पुन्हा शेअर करावा लागेल. त्याआधी त्या मॉडेलचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) विंडोज ११ साठी उपलब्ध आहे ना, याची खात्री खरेदीपूर्वीच करून घ्यावी. लॅपटॉपवरची प्रिंटरची नोंद जुन्या संगणकाच्या नावाने साठवलेली असते, त्यामुळे ती काढून नवी करावी लागते. जुना संगणक नेटवर्कवरून कायमचा उतरवल्यानंतर त्याचेच नाव नव्याला दिले आणि प्रिंटर व फोल्डर पूर्वीच्याच नावांनी शेअर केले, तर बहुतेक जुने मार्ग चालू राहतात. दोन्ही यंत्रे एकाच नावाने एकाच वेळी चालू ठेवू नयेत.

शेअर केलेल्या फोल्डरच्या बाबतीत तीन ठिकाणी अडते. पहिले म्हणजे, नवे विंडोज कोणत्याही नव्या वाय-फायला ‘पब्लिक’ समजते आणि इतर उपकरणांपासून स्वतःला लपवते; घरच्या नेटवर्कपुरते ते ‘प्रायव्हेट’ करावे. दुसरे असे की, ज्या खात्याला पासवर्डच नाही त्या खात्याने विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही, त्यामुळे ‘आमच्या घरात पासवर्ड कशाला’ हे धोरण येथे चालत नाही. तिसरे आणि सर्वांत चकवणारे कारण म्हणजे एसएमबी १ हा फाइल शेअर करण्याचा जुना प्रोटोकॉल. २०१७ च्या अखेरीपासून तो नव्या विंडोजमध्ये मुळात बसवलेलाच नसतो, त्यामुळे जुना मीडिया प्लेयर किंवा फोल्डरमध्ये थेट स्कॅन टाकणारे जुने यंत्र नव्या संगणकाला ओळखतच नाही. तो प्रोटोकॉल पुन्हा चालू करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो मानू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेले वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून शिरले होते. तुम्ही ‘होमग्रुप’ वापरत असाल तर तीही सोय २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढण्यात आली आहे, हे लक्षात घ्यावे.

आता राउटरविषयी. राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूईपी किंवा पहिला डब्ल्यूपीए (दोन्ही जुने आणि आता असुरक्षित) असेल आणि त्याहून नवा पर्यायच नसेल, तर राउटर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. डब्ल्यूपीए २ असेल तर घाई नाही. राउटर केवळ २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ पट्ट्यावर चालणारा असेल, तर नव्या संगणकातल्या वाय-फाय ६ या नव्या पिढीच्या वाय-फायचा वेग तुम्हाला मिळणार नाही, एवढेच. माझे मत असे की संगणक आणि राउटर एकाच आठवड्यात बदलू नयेत. काही बिघडले तर दोष कोणाचा हे कळत नाही. पुढे राउटर बदलाल तेव्हा नेटवर्कचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार पूर्वीचाच ठेवावा, म्हणजे फोन, लॅपटॉप आणि प्रिंटर आपोआप जोडले जातील. सध्याच्या राउटरवर मॅक पत्त्यांची (उपकरणांच्या नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकांची) यादी करून तेवढ्याच उपकरणांना प्रवेश दिला असेल, तर बरोबर पासवर्ड टाकूनही नवा संगणक बाहेरच राहील. त्याचा मॅक पत्ता यादीत घालावा लागेल.

डेस्कटॉप जागचा हलत नाही, ही गोष्ट वाय-फायच्या चर्चेत आपण विसरतो. भिंतीच्या कडेने एक लॅन केबल आतल्या खोलीपर्यंत नेणे शक्य असेल तर ती न्यावी. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेते आणि शेजाऱ्यांच्या वाय-फायमुळे तिच्यावर काही परिणाम होत नाही.

निदान जुन्या संगणकावरच्या फायली हलवताना तरी वाय-फाय टाळावे. तुमच्याकडे ५०० जीबी फोटो आहेत असे समजू. दोन्ही संगणक वाय-फायवर असतील तर प्रत्येक फाइल एकदा राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून अशी दोनदा हवेतून जाते. जुन्या अडॅप्टरवर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ४० मेगाबिट मिळाला तरी या कामाला सुमारे २८ तास लागतील. दोन्ही यंत्रे गिगाबिट केबलने जोडली तर जुन्या हार्ड डिस्कच्या गतीने तेच काम दोन-अडीच तासांत होते. राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतील तर मात्र अकरा-बारा तास धरावे लागतील. अशा वेळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क बरी, शिवाय तिच्यावर एक बॅकअपही राहतो.

प्रश्न : नव्या डेस्कटॉपमध्ये वाय-फाय अंगभूतच आहे. तरीही जुना संगणक होता त्याच जागी याला जेमतेम एक कांडी सिग्नल मिळतो. यंत्र सदोष असेल का?

उत्तर : तक्रार करण्यापूर्वी कॅबिनेटच्या मागची बाजू पाहावी. यूएसबी आणि लॅनच्या सॉकेटजवळ पितळी रंगाचे, आटे असलेले दोन छोटे खुंट दिसतील. त्यांवर अँटेना पिळून बसवायच्या असतात आणि त्या बहुधा खोक्यातल्या एखाद्या लहान पिशवीत न उघडता पडून राहतात. त्यांच्यावाचूनही राउटर त्याच खोलीत असेल तर थोडेफार चालते, म्हणून दोष वाय-फायचा नसून अँटेना नसण्याचा आहे हे सुचत नाही. अँटेना लावल्यावरही सुधारणा झाली नाही तर कॅबिनेटच्या जागेकडे पाहावे: टेबलाखाली, भिंतीला पाठ टेकवून ठेवलेल्या लोखंडी पेटीमागे अँटेना दडल्या असतील तर सिग्नल यायचा कोठून? तारेने जोडलेली, टेबलावर ठेवता येणारी अँटेना येथे उपयोगी पडते. संगणक ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडला गेला असेल तर २.४ गिगाहर्ट्झ वापरून पाहावे. तो वेगाने कमी पण भिंती ओलांडण्यात सरस असतो.

ज्यांनी जुना यूएसबी अडॅप्टरच नव्या यंत्राला लावला आहे, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण होतो. इंटेलने २०१२ मध्ये याची मोजमापे प्रसिद्ध केली होती. फाइल कॉपी करायला घेतली की वाय-फाय तुटते, अशी लक्षणे दिसली तर अडॅप्टर हातभर लांबीच्या एक्स्टेंशन केबलवर दूर काढावा.

प्रश्न : सर्व फायली नव्या संगणकावर आल्या आहेत. आता जुना संगणक लगेच कोणाला देऊन टाकावा का?

उत्तर : लगेच देऊ नये. काही आठवडे तो जोडता येईल अशा स्थितीत ठेवावा, कारण फोल्डरमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी मागे राहतात: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, ईमेल प्रोग्रॅमने आपल्या स्वतंत्र जागी ठेवलेली जुनी पत्रे, आणि ज्यांचा सीरियल नंबर पुन्हा लागेल असे प्रोग्रॅम. मराठीत काम करणाऱ्यांनी फॉन्टही तपासावेत. युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत) रूढ होण्यापूर्वीच्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा कालवा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. तो फॉन्ट जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून आणून बसवला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. जुना संगणक एकदा घराबाहेर गेला की तो फॉन्ट शोधणे अवघड असते.

जुन्या संगणकावर लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) बसवून बॅकअपसाठी घरीच वापरण्याचा विचार अनेक जण करतात. कल्पना चांगली आहे, पण नुसता चालू असताना तो ६० वॅट खात असेल तर दिवसाला जवळपास दीड युनिट वीज जाते. रोज थोडा वेळच चालू करणार असाल तर ते परवडण्याजोगे आहे. देऊनच टाकायचा असेल तर फायली रिसायकल बिनमध्ये टाकणे पुरेसे नाही. विंडोजमधील ‘रिसेट’ वापरताना सर्व काही काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा, असे दोन्ही पर्याय निवडावेत. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर संपूर्ण जागेवर एकदा नवा डेटा लिहिला गेला की पुरे. एसएसडीवर (तबकड्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हवर) मात्र तसे लिहिण्याचा भरवसा नसतो, तिथे उत्पादकाने दिलेली सिक्युअर इरेजची, म्हणजे सर्व डेटा पुसण्याची सोय वापरावी.

शेवटी राउटरमध्ये जाऊन जुन्या संगणकाच्या नावे राखून ठेवलेला आयपी पत्ता काढून टाकावा. कॅमेरा किंवा खेळासाठी त्या पत्त्याकडे कधी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्या इंटरनेटवरून आत येण्याची वाट) केले असेल तर तेही काढावे, कारण पुढे तोच पत्ता घरातल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणाला मिळाला तर बाहेरून येणारी वाट थेट त्याच्यापर्यंत पोहोचते.