कार्बनचा हिशेब: सुरुवात बिलांपासून करा

कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजचा कार्बनचा हिशेब तुमच्याकडे आलाय, तर आधी सॉफ्टवेअर शोधत बसू नका. अकाउंट्सवाल्यांकडून एप्रिल ते मार्चची वीजबिलं आणि डिझेलच्या पावत्या मागा. 1 लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो. हे उत्सर्जन तीन गटांत मांडतात, त्यांना स्कोप म्हणतात: जनरेटर आणि स्वतःच्या गाड्या स्कोप 1, विकतची वीज स्कोप 2. तासगावहून बेदाणा आणणारे भाड्याचे ट्रक स्कोप 3 मध्ये येतात. ते पुढच्या वर्षी घेतलेत तरी चालेल, पण अहवालात तसं लिहा.

थंडाव्यासाठी यंत्रात भरलेला गॅस मात्र विसरू नका, नवखे इथेच चुकतात. प्लांट अमोनियावर असेल तर गळतीनं कार्बनचा आकडा वाढत नाही (जिवाला धोका मोठा, ती काळजी वेगळी). पण एसीतला आर-410ए हा गॅस 1 किलो गळला तर तो सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइडइतका! सर्व्हिसवाल्यानं किती गॅस भरला ते दर वेळी लिहून घ्या.

कपात करायची तर आधी दारं बघा. फाटलेलं गॅस्केट, कॉइलवर साचलेला बर्फ, यांच्यापायी कॉम्प्रेसर विनाकारण चालत राहतो. सोलर त्यानंतर. आणि बचत प्रति टन साठवणुकीवर मोजा. कारण द्राक्षाचं पीक कमी आलं की बिल आपोआप उतरतं, ती बचत नव्हे.