आमदारांच्या पगारावर मत मागितलं तर

अरे बाळा,

अमेरिकेची सिटिझनशिप झाली, अभिनंदन! तुझा मेसेज वाचून हसू आलं, "काका, आमदारांचा पगार वाढवायचा का असं बॅलटवर विचारलं तर कोण येडा हो म्हणेल?" बरोबर आहे, बहुतेक कोणी म्हणतच नाही. नेब्रास्का राज्यात 1988 ला लोकांनी वर्षाला 12 हजार डॉलर मंजूर केले, 2012 ला साडेबावीस हजार करा म्हणून विचारलं तर सरळ आपटवलं. आपल्या टेक्सासात 1975 पासून महिना 600 डॉलर, म्हणजे वर्षाचे 7,200, आणि हा आकडा राज्यघटनेतच लिहिलाय त्यामुळे लोकांना विचारल्याशिवाय हलत नाही. 1989 ला विचारलं होतं, लोक नाही म्हणाले.

आता तू म्हणशील छान की, टॅक्सचे पैसे वाचले. थांब जरा. दर विषम वर्षी अधिवेशन, 140 दिवस, तेही राजधानीत, ऑस्टिनला. तू डॅलसला नोकरी करतोस, तुझा मॅनेजर तुला जानेवारी ते मे सोडेल का? नाही ना. मग तिथे बसतं कोण, तर स्वतःची लॉ फर्म असलेला, धंदा असलेला, रिटायर झालेला, नाहीतर बायकोच्या (किंवा नवऱ्याच्या) पगारावर घर चालणारा. शाळेतली टीचर, नर्स यांना ते परवडतच नाही, निवडून यायची गोष्ट तर पुढची.

आणि पैसे वाचतात हेही अर्धंच खरं. अधिवेशनात दर दिवसाला पर डिएम (रोजचा खर्चभत्ता) मिळतो, 2023 ला 221 डॉलर होता, म्हणजे 140 दिवसांचे जवळपास 31 हजार. तो राज्याचं एथिक्स कमिशन ठरवतं, त्याला मतदान लागत नाही. त्याहून भारी गंमत पेन्शनची. ते या 7,200 वर नाही, जिल्हा न्यायाधीशाच्या पगारावर मोजायची पद्धत होती, आमदारकीच्या दर वर्षाला 2.3 टक्के. तो पगार 1 लाख 40 हजार होता तेव्हा आठ वर्षं आमदारकी केलेल्याला वर्षाला पंचवीस हजारांच्या वर पेन्शन बसायचं. पगाराच्या साडेतीन पट! पुढच्या दाराला कुलूप नि मागचं दार सताड उघडं.

आपल्याकडे मुंबईत तर विधानसभाच कायदा करून स्वतःचा पगार ठरवते, 2016 ला पावसाळी अधिवेशनात चर्चाच न करता वाढ मंजूर झाली, तेव्हा मीही इथे बसून शिव्या घातल्याच होत्या. त्यामुळे लोकांना विचारायची पद्धत मला आवडते, फक्त विचारल्यावर न वाचता नाही म्हणू नये एवढंच.

असा प्रपोझिशन (बॅलटवरचा प्रस्ताव) आला की हेडलाइन सोड, मूळ मजकूर काढ. वाढ याच आमदारांना की पुढच्या निवडणुकीनंतरच्यांना? पुढची वाढ कोण ठरवणार? पेन्शनला हात लावलाय का? ऱ्होड आयलंडमध्ये 1994 ला दिवसाचे 5 डॉलर होते ते वर्षाला 10 हजार केले, पण त्याच सौद्यात नव्या आमदारांचं पेन्शन बंद केलं आणि विधिमंडळातल्या जागाही कमी करायचं ठरवलं. लोक हो म्हणाले. असं काही आलं तर मी पण म्हणेन. नुसती वाढ आणि पेन्शन तसंच, तर मी नाही म्हणणार, तू तुझं बघ.

आणि हो, मतदार म्हणून रजिस्ट्रेशन मतदानाच्या 30 दिवस आधी व्हावं लागतं, फॉर्म सही करून पोस्टाने पाठव, रविवारी सवडीने करू म्हणून ठेवू नकोस.

काका