सप्लाय चेनच्या संशोधनात डिस्कोर्स अ‍ॅनालिसिसमधून थिअरी उभी राहते का?

तुम्ही विचारलंय की पीएचडीसाठी खरेदीदार आणि व्हेंडर (पुरवठादार) यांच्या मुलाखती घेतल्या आहेत, डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस (बोलण्या-लिहिण्यातली भाषा काय घडवते याचा अभ्यास) करायचंय, पण गाईड म्हणतात "यातून थिअरी कशी येणार, हायपोथिसिस कुठाय?"

थिअरी येते. मात्र लोक जे बोलले ते साखळीचं वर्णन समजून वाचलंत तर येणार नाही. त्या बोलण्यामुळे साखळीत काय शक्य झालं आणि काय अशक्य झालं, हे शोधायचं. बरेच प्रबंध इथेच अडतात: मुलाखतींमधून थीम काढायच्या, त्यांना 'डिस्कोर्स' म्हणायचं आणि प्रकरण संपवायचं. ते वर्गीकरण झालं.

मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या मशिनिंग करणाऱ्या छोट्या व्हेंडरांशी बोललोय, म्हणून तिथलंच कोडं घेतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. इतका स्पष्ट हक्क असताना बरेच व्हेंडर व्याज मागत नाहीत. का? फेफर आणि सॅलान्सिक यांची 1978 ची रिसोर्स डिपेंडन्स थिअरी सांगेल की व्हेंडर त्या गिऱ्हाइकावर अवलंबून असतो म्हणून. पण ज्याचं काम चार-पाच कंपन्यांत विभागलेलं आहे, तोही गप्प बसतो. तुमच्या थिअरीला जागा आहे ती इथे.

आता व्हेंडर मीटमध्ये खरेदीदार कंपनीच्या तोंडी शोभेल असं एक वाक्य घ्या, नमुन्यासाठी मीच रचलेलं: "आपण सगळे एक फॅमिली आहोत, यंदा मार्केट टाइट आहे, पेमेंट थोडं मागेपुढे होईल, समजून घ्या." 'आम्ही' म्हटलं असतं तर व्हेंडर समोरच्या बाजूला राहिला असता आणि समोरच्याशी वाटाघाट करता येते. 'आपण' म्हटल्यावर तो आत ओढला गेला. 'पेमेंट मागेपुढे होईल' यात पैसे अडवणारा कोणीच नाही, पेमेंट आपलं आपणच सरकतं. आणि 'समजून घ्या' हे शब्द व्हेंडरला एक भूमिका देतात: जुना, समजूतदार माणूस. ती भूमिका एकदा स्वीकारली की व्याजाची मागणी कायदेशीर हक्क राहत नाही, घरातल्याशी केलेला हिशेबीपणा ठरते.

यानंतर व्हेंडरच्या बोलण्याकडे या. "इतक्या वर्षांचे संबंध आहेत, बिघडवायचे कशाला" असं तो म्हणतो का? आणि हाच माणूस स्वतःच्या स्टीलवाल्याबद्दल किंवा बँकेबद्दल बोलताना व्यवहाराची, तारखेची, कराराची भाषा वापरतो का? एकच व्यक्ती दोन ठिकाणी दोन तऱ्हेने बोलते, तेव्हा केस स्टडीत वाढलेला संशोधक म्हणेल, विसंगती आहे, आणखी पुरावा आणून खरं काय ते ठरवा. पॉटर आणि वेदरेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये नेमकी उलटी वाट दाखवली: ही विसंगतीच डेटा आहे. कोणती भाषा कुठे उपयोगी पडते, हे तिच्यातूनच कळतं.

मग प्रतिपादन काहीसं असं मांडता येईल: जिथे उशिराचं कारण नात्याच्या भाषेत दिलं जातं आणि व्हेंडर ती भूमिका स्वतःच्या तोंडूनही बोलतो, तिथे अवलंबित्व कमी असलं तरी हक्क वापरला जात नाही. याची मर्यादाही लगेच शोधा. ज्या खरेदीत रिव्हर्स ऑक्शनने (सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम) रेट ठरतो आणि वर्षानुवर्षांचं नातं बनतच नाही, तिथे हे टिकतं का? नात्याची भाषा वापरूनही व्याज मागणारा एखादा व्हेंडर सापडला, तर त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. त्याच्यामुळे प्रतिपादन मोडेल किंवा नीट बेतलं जाईल, दोन्हींत फायदाच आहे.

फक्त बोलण्यावर थांबू नका, ही माझी आग्रहाची सूचना. इनव्हॉइसची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख, पीओवरच्या (परचेस ऑर्डरवरच्या) अटी, हे सगळं बोलण्याच्या शेजारी ठेवा. भाषेचे अभ्यासक फेअरक्लो यांच्या पद्धतीत मजकूर, तो तयार होण्याची आणि वाचला जाण्याची प्रक्रिया, आणि भोवतीचा सामाजिक व्यवहार असे तीन थर एकत्र पाहायचे असतात. सप्लाय चेनवाल्यांना तिसरा थर कागदोपत्री मिळतो, हे आपलं भाग्य. शिवाय 2024-25 च्या कर-निर्धारण वर्षापासून 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 43बी(एच) लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाची बाकी मुदतीत दिली नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. म्हणजे विषय परचेसकडून अकाउंट्सकडे गेला. त्याआधीचे आणि नंतरचे ईमेल मिळवता आले तर भाषा कशी बदलते ते पाहा.

कंपनीत प्रवेशच मिळत नसेल तर जाहीर मजकूर पुष्कळ आहे. ब्रिटनच्या 2015 च्या मॉडर्न स्लेव्हरी कायद्याच्या कलम 54 नुसार 3.6 कोटी पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना, आपल्या धंद्यात आणि साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून काय केलं, याचं दरवर्षी निवेदन काढावं लागतं. 'आम्ही काहीच पावलं उचलली नाहीत' असं निवेदनही कायद्याला चालतं. आपल्याकडे सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल बंधनकारक केला. जबाबदारीच्या वाक्यांत कर्ता कोण आहे, हे वर्षागणिक लावून पाहा.

मुलाखती मराठीत असतील तर विश्लेषणही मराठीतच करा, इंग्रजी फक्त प्रबंधात उद्धृत करण्यापुरती. इंग्रजीत 'आपण' आणि 'आम्ही' दोन्हींचं 'वी' होतं आणि वरचा अर्धा मुद्दा तिथेच हरवतो.

गाईडना हायपोथिसिसऐवजी दोन पानं दाखवा: एक उतारा, त्याचं ओळीओळीने वाचन, त्याच व्हेंडरच्या पेमेंटच्या तारखा, आणि सध्याची थिअरी कुठे कमी पडते ते एका परिच्छेदात. "किती मुलाखती?" असं विचारतील, तेव्हा भाषेचे किती वेगवेगळे प्रसंग तुमच्याकडे आहेत ते सांगा: मीटिंग, ईमेल, पीओ, मुलाखत.