"मॅडम, तुम्हीच सांगा, सोडू की नको?"

तिशी-चाळिशीतली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा अलीकडे एक प्रश्न सारखा कानावर पडतो. मोठ्या कंपनीत बरी नोकरी आहे, घराचा हप्ता चालू आहे, आणि कॉलेजचा एखादा मित्र किंवा पूर्वीचा बॉस स्वतःची कंपनी काढून म्हणतो, "ये आमच्याकडे." पगार आजच्यापेक्षा कमी, वर शेअर्सचं आश्वासन, आणि काम मात्र असं की ऐकूनच अंगात उत्साह संचारावा. २०१६ च्या जानेवारीत 'स्टार्टअप इंडिया' सुरू झालं आणि पुढे हा शब्द घरोघरी पोचला. त्याच्याबरोबर ही घालमेलही पोचली. पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठूनही माणूस येवो, झोप उडालेली असते आणि फोनमध्ये फायद्या-तोट्यांची यादी तयार असते. यादी कितीही लांब असली तरी उत्तर काही निघत नाही.

ते का निघत नाही, हे मेधाच्या निमित्ताने सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत आणि लिहायला तिची परवानगी आहे.

मेधा सदतीस वर्षांची, एका मोठ्या आयटी कंपनीत टेस्टिंग लीड. नवरा चाकणच्या कारखान्यात, मुलगा पाचवीत, वाकडला फ्लॅट आणि त्याचा महिन्याचा ४६ हजारांचा हप्ता. सासूबाईंना मधुमेह, त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. मेधाच्या हाती महिना १ लाख ६० हजार येत होते. तिच्या जुन्या मॅनेजरने लहान रुग्णालयांसाठी नोंदी आणि बिलांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी काढली होती, अठरा माणसांची. तिथे १ लाख १० हजार मिळणार होते आणि वर ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क.

माझ्याकडे येण्याआधी तिने बाबांना विचारलं होतं, मावशीला विचारलं होतं, दोन जुन्या सहकाऱ्यांना विचारलं होतं आणि सदाशिव पेठेत पत्रिकाही दाखवून झाली होती. नवऱ्याचा तर तिला रागच आला होता. "तो म्हणतो, तू ठरव, मी आहेच. हा काय पाठिंबा झाला? जबाबदारी माझ्यावर टाकून मोकळा." आणि मग तिने तोच प्रश्न माझ्यासमोर ठेवला, "तुम्हीच सांगा, सोडू की नको?"

मी म्हटलं, "समज, मी 'सोड' म्हणाले आणि कंपनी बुडाली. मग?"

"खरं सांगू? मी तुम्हाला दोष देईन."

"आणि छान चालली तर?"

ती बोलता बोलता थांबली. "तर... ते श्रेय माझं नसेल."

अशा माणसाला मी हो किंवा नाही सांगत नाही, त्याचं कारण या दोन उत्तरांत आहे. सल्ला देऊन मी तिची चिंता आठवडाभर हलकी केली असती आणि तिचा निर्णय तिच्याकडून कायमचा काढून घेतला असता.

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडायला सुरुवात केलेला हा विचार आपल्या महाराष्ट्रात चांगला रुजला. मला त्यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की माणसाला घटना जितकी छळत नाही तितकी घटनेवर त्याने घातलेली अट छळते. 'हे यशस्वी व्हावं' ही इच्छा झाली. ती माणसाला कामाला लावते. 'यशस्वी होणार याची आधी खात्री मिळाली पाहिजे, नाहीतर मी पाऊल उचलणार नाही' ही अट झाली. अशी खात्री जगात कुणी देऊ शकत नाही, मग माणूस जागच्या जागी अडकून राहतो. यादीतून उत्तर निघत नाही ते याचमुळे, कारण यादीकडून आपण खात्री मागत असतो.

पण हे नुसतं समजावून सांगितल्याने कुणी बदलत नाही. अटीच्या तळाशी काय दडलंय ते ज्याचं त्याला दिसावं लागतं. म्हणून पुढच्या एका भेटीत मी मेधाला म्हटलं, "चौदा महिन्यांनी सोमवारी सकाळी तुझ्या सरांचा मेसेज आला की कंपनी बंद करतोय. त्या दिवशी काय होईल ते सांग."

"रडेन."

"दुपारी?"

"नवऱ्याला फोन करेन. घरी जाऊन झोपेन."

"मंगळवारी?"

"रेझ्युमे उघडेन. टेस्टिंगमध्ये बारा वर्षं काढलीत, कुठेतरी मिळेल. तीन-चार महिने लागतील फार तर." एवढं ती अगदी सहज बोलली. रात्रंदिवस जी भीती ती उराशी घेऊन फिरत होती ती पैशांची असती तर आवाज इथे कापायला हवा होता. तो कापला नाही. म्हणून मी पुढे गेले. "आणि रविवारी?"

"रविवारी बाबांकडे जेवायला जातो आम्ही." आता आवाज कापला. "बाबा काही बोलणार नाहीत, नुसते बघतील. आमच्या घरात मी कधीच न चुकणारी मुलगी आहे, मॅडम. धाकटी मुक्ता, ती चुकणारी."

मुक्ताने कोल्हापुरात कपड्यांचं दुकान काढलं होतं आणि ते बंद पडलं होतं. घरात आजही कुणी नवं काही करायचं म्हटलं की 'मुक्ताच्या दुकानासारखं नको व्हायला' हे ठरलेलं वाक्य येतं. मेधा स्वतःही ते म्हणत आली होती.

"मुक्ता तुला कशी वाटते?" मी विचारलं.

"जबरदस्त आहे ती. दुकानाचं सगळं कर्ज तिने नोकरी करून फेडलं. तिच्याएवढी हिंमत..." मेधा मध्येच थांबली. मग बराच वेळ ती काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही. समुपदेशकाला गप्प बसता यायला हवं. ती शांतता मी शब्दांनी भरली असती तर तिचा विचार तिथेच तुटला असता.

शेवटी ती म्हणाली, "म्हणजे मुक्ता बुडाली तरी ती मला जबरदस्त वाटते. आणि मी बुडाले तर मी कुणीच उरणार नाही असं मला वाटतंय."

मी एवढंच विचारलं, "दोघींना दोन नियम कुणी लावले?"

ती त्या शनिवारी कोल्हापूरला गेली. मी पाठवलं नव्हतं, तिला स्वतःलाच जावंसं वाटलं. दुकान बंद केलं तेव्हा कसं वाटलं होतं, हे तिने बहिणीला पहिल्यांदा विचारलं. मुक्ता म्हणाली, "शटर ओढलं त्या दिवशी मी फक्त दमले होते गं. लाज मला नंतर तुम्ही सगळ्यांनी वाटायला लावली."

हे मला सांगताना मेधा रडली, आणि त्यानंतर तिने 'सोडू की नको' हा प्रश्न मला पुन्हा कधी विचारला नाही. इतकी वर्षं हे काम केल्यावर मी ठामपणे सांगते की नोकरीच्या अशा पेचात बहुतेक वेळा पगारापेक्षा माणसाने स्वतःची लावलेली किंमत पणाला लागलेली असते. कंपनी बुडणं वाईटच. पण कंपनी बुडणं म्हणजे मी बुडणं नव्हे, हे एकदा आतून पटलं की माणूस आकड्यांकडे शांतपणे पाहू लागतो. आणि आकड्यांकडे पाहावंच लागतं. मन मोकळं झालं म्हणून डोळे मिटून उडी मारावी, असं मी कुणालाही सांगणार नाही.

मेधाची पुढची अडचण इथेच होती. सरांना पैशांबद्दल विचारायला तिला संकोच वाटत होता. "त्यांना वाटेल, हिचा माझ्यावर विश्वास नाही."

"फ्लॅट घेताना वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढलास?"

"काढला की."

"बिल्डर रागावला?"

ती हसली आणि प्रश्न लिहायला बसली. आजच्या खर्चाने बँकेतले पैसे किती महिने पुरतील? गुंतवणूक कुणाची आहे? पीएफ वेळेवर भरला जातो का? गेल्या वर्षात कितीजण सोडून गेले आणि का? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून खासगी कंपनीचे ताळेबंद पाहता येतात, तेही तिने पाहिले.

ईसॉपबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे शिकलेली माणसंही भुलतात. तोंडी 'एक टक्का देऊ' याला अर्थ नाही, ग्रँट लेटर, म्हणजे हा हक्क दिल्याचं कंपनीचं लेखी पत्र, हातात हवं. ऑप्शन, म्हणजे हा हक्क, दिल्यापासून किमान एक वर्ष गेल्याशिवाय तो पक्का होत नाही, हा कायदाच आहे, आणि पूर्ण वाटा पदरात पडायला बहुतेक ठिकाणी चार वर्षं लागतात. मधेच नोकरी सोडली तर पक्के झालेले शेअर किती दिवसांत घ्यायचे हे पत्रात वाचा, अनेकदा ती मुदत फार थोडी असते. शेअर घेताना त्या दिवसाचं मूल्य आणि आपण भरलेली किंमत यांतला फरक पगारासारखा करपात्र धरतात. काही मान्यताप्राप्त स्टार्टअप्सच्या कर्मचाऱ्यांना तो कर पुढे ढकलता येतो, सगळ्यांना नाही. विकताना नफा झाला तर पुन्हा कर. शिवाय कंपनी शेअर बाजारात नसेल तर ते विकत घेणार कोण? म्हणून माझं सांगणं असं असतं की घरखर्चाचा हिशोब मांडताना ईसॉपची किंमत शून्य धरा. शून्य धरूनही घर चालत असेल तर पुढचं बोलू.

आणि आरोग्य विमा. मेधाच्या सासूबाई तिच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत होत्या. नव्या कंपनीत आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना संरक्षण नव्हतं. स्वतंत्र पॉलिसी नव्याने घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे राजीनाम्याआधी विचारायचं असतं. तिने विचारलं, आणि ती सोय झाली.

सरांनी सरळ उत्तरं दिली. पैसे अकरा महिन्यांचे आहेत, पुढच्या गुंतवणुकीची बोलणी चालू आहेत, नक्की काही नाही. ग्रँट लेटर मात्र रुजू होण्याआधी देतो. मेधाने नवऱ्याबरोबर बसून सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च वेगळे काढले. पगार सलग दोन महिने लांबला की दुसरीकडे शोध सुरू करायचा, हेही लिहून ठेवलं. मग राजीनामा दिला. पुढे एकदा तिचा पगार वीस दिवस लांबला आणि एक मोठं काम हातचं गेलं. तरी ती अजून तिथे आहे. ती बरोबर ठरली का असं मला विचारतात तेव्हा मी म्हणते, ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर तिने नीट ठरवलं. उद्या कंपनी बंद पडली तरी माझं हे मत बदलणार नाही.

साधारण त्याच काळात आलेल्या एका तरुणाने हेच सगळं केलं आणि नकार दिला. तो सुरुवातीला म्हणायचा, "ग्रॅच्युइटीला आठ महिने राहिलेत, म्हणून थांबलोय." कायम कर्मचाऱ्याला ती पाच वर्षांनी मिळते, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. साठ हजार मूळ पगारावर हिशोब केला तेव्हा पावणेदोन लाखांच्या आत रक्कम निघाली. एवढ्यासाठी तो थांबला नव्हता, हे त्यालाही कळलं. त्याच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं आणि घरात कमावणारा तो एकटा. 'मी भित्रा आहे' असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं आणि ते झाकायला ग्रॅच्युइटी पुढे केली होती. त्याला मी म्हटलं, "वडिलांसाठी थांबतोय, हे मोठ्याने म्हणून बघ." त्याने म्हटलं. मित्राला त्याने तेच कारण स्पष्ट सांगितलं, आणि दोन वर्षांनी पुन्हा विचार असंही म्हणाला. शनिवारी थोडी मदत करशील का, असं मित्राने विचारल्यावर त्याने आधी नेमणूकपत्रातली बाहेरच्या कामाबद्दलची अट वाचली आणि एचआरला लेखी विचारलं. परवानगी मिळाली नाही, तेव्हा तेही त्याने मित्राला त्याच दिवशी कळवलं.