उन्हाळ्यात मॅरेथॉनचं ट्रेनिंग करताना ठरलेला प्लॅन बदलला तर चालतो का?

तुम्ही लिहिलंय की १६ आठवड्यांचा प्लॅन आहे, सातवा आठवडा चालू आहे, रविवारी २४ किमी होते पण उकाड्यामुळे १७ वर थांबलात, आणि आता उरलेले ७ सोमवारी करून टाकावेत का, 'नाहीतर प्लॅन मोडल्यासारखं होईल'. ते 'मोडल्यासारखं' वाचलं आणि मला माझ्या मोठ्या भावाचाच आवाज ऐकू आला, म्हणून लिहायला बसले.

१७ वर थांबलात ते बरोबर केलंत. ज्याने प्लॅन बनवला त्याला त्या रविवारची हवा कशी असेल ते माहीत नव्हतं, तुम्हाला अंगावर कळत होतं. मग निर्णय कोणी घ्यायचा?

मला पळायला दादानेच लावलं, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण त्याचा एक नियम होता, कागदावर आलं ते झालंच पाहिजे. माझ्या पहिल्या मॅरेथॉनचा प्लॅन त्याने स्वतः हाताने लिहून दिला होता आणि रोज रात्री त्याला फोन करून आज किती, कुठल्या पेसने (म्हणजे एका किमीला किती मिनिटं), हे सांगायचं. उन्हाळा चढत गेला तसे माझे टेंपो रन, म्हणजे सलग जोरात पळायचे रन, हुकायला लागले. हार्ट रेट नेहमीपेक्षा पंधरा-वीसने जास्त, पेस मात्र कमी. दादाला सांगितलं तर म्हणाला, ऊन सगळ्यांनाच लागतं, तू मनाने ढिली पडतेयस. हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं बसलं की पुढचे दोन आठवडे मी घड्याळातला हार्ट रेटचा स्क्रीनच काढून टाकला, दिसायलाच नको म्हणून.

मग तो २९ किमीचा रविवार. रात्रभर हवा हललीच नव्हती, पहाटे साडेपाचला निघाले तेव्हाच दाराबाहेर अंग चिकट झालं. पहिले १० ठीक. १५ ला बुटात घाम साचून पचपच आवाज येत होता. २१ च्या आसपास भर उकाड्यात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, आणि मला वाटलं चला, वारा सुटला. वारा वगैरे काही नव्हता, ती धोक्याची खूण होती, पण तेव्हा मला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. २४ ला मी घड्याळात बघितलं आणि २९ मधून २४ गेले तर किती उरले ते मला सांगता येईना. तीन-चारदा प्रयत्न केला. मग एका पायरीवर बसले, बसले म्हणजे पाय वाकले आणि खाली गेले. सकाळी चालायला निघालेल्या एक काकू थांबल्या, त्यांनी मला सावलीत ओढलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी मानेवर आणि डोक्यावर ओतलं, नाव विचारलं. नाव सांगायला मला वेळ लागला.

दादा गाडी घेऊन आला. मला गाडीत बसवताना त्याने माझं मनगट उचलून घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "अगं, पाचच राहिले होते." मला माहितीये तो घाबरला होता, घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो. तरी ते वाक्य मी विसरलेले नाही. डॉक्टर म्हणाले आणखी थोडं पुढे गेली असतीस तर हीटस्ट्रोक होता. तीन आठवडे पळणं बंद. ती रेस गेली. म्हणजे सात दिवसांत एक रन आखूड करायला मी तयार नव्हते आणि त्यापायी अख्खी मॅरेथॉन घालवली.

दादाचा मुद्दा नेहमी हाच असतो की मोठे रनर कुठलीही कारणं देत नाहीत. देत नाहीत? २०१९ ची दोहाची वर्ल्ड चॅम्पियनशिप घ्या. बायकांची मॅरेथॉन उकाड्यामुळे मध्यरात्री सुरू केली, तरी तेव्हाही तापमान तीसच्या वर आणि हवा दमट. ६८ जणी निघाल्या आणि २८ जणींनी मधेच सोडली. या जगातल्या निवडक बायका, त्या काय मनाने ढिल्या होत्या? जी जिंकली तिची वेळ २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंद, आणि तिनेच त्याच वर्षी जानेवारीत २:१७:०८ मारले होते. पंधरा मिनिटं हळू पळून ती सोनं घेऊन गेली. टोकियो ऑलिंपिकचं तर विचारूच नका, उकाड्याच्या भीतीने मॅरेथॉन आधी सप्पोरोला हलवली, आणि तिथेही ऊन तापतंय म्हटल्यावर बायकांच्या रेसची वेळ आदल्या संध्याकाळी एक तासाने अलीकडे आणली. ऑलिंपिकवाले आदल्या दिवशी प्लॅन बदलतात आणि आपण रविवारच्या लॉन्ग रनला हात लावायचा नाही?

यात मनाचा संबंध कमी आणि शरीराचा जास्त आहे. पळताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा पाव हिस्साच कसाबसा कामाला येतो, बाकीची सगळी उष्णता. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी उरतं, म्हणून त्याच पेसला हृदय जास्त धडधडतं. आणि हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. म्हणून फक्त तापमान बघून निघू नका, दमटपणा पण बघा. पहाटे तापमान सगळ्यात कमी असतं पण दमटपणा बहुतेक तेव्हाच जास्त असतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी माझं मीच ठरवलं. वार काढून टाकले. आठवड्यात एक लॉन्ग, एक जोराचा, बाकी सगळे इझी, आणि कुठला कधी ते आदल्या रात्री हवा बघून. लॉन्ग रन किलोमीटरमध्ये न मोजता वेळेत मोजला, २९ किमी ऐवजी तीन तास, मग त्यात २५ झाले तरी तीन तास ते तीन तासच. पेसऐवजी श्वास बघायचा, इझी रनला पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तो इझी नाही, घड्याळ काहीही म्हणो. टेंपो सलग न करता तुकड्यांत, मधे चालून. फारच वाईट दिवस असला की अर्धा रन बाहेर आणि अर्धा ट्रेडमिलवर समोर पंखा लावून, दादा याला फसवणूक म्हणतो, म्हणू दे. आणि बुडालेला रन म्हणजे उधारी नाही, तो फेडायचा नसतो. सोमवारी ७ जोडले की मंगळवारचा बिघडतो, मग बुधवारचा, आणि आठवडाभर तुम्ही दमलेल्या पायांनी ऊन झेलत राहता.

तो पूर्ण उन्हाळा मी कागदावरच्यापेक्षा कमी किलोमीटर पळाले आणि थंडीतल्या रेसला ४:३८ ला आत आले, दुसरा हाफ पहिल्यापेक्षा दोनच मिनिटं हळू. दादा म्हणाला, प्लॅन पूर्ण केला असतास तर ४:२० आले असते. यावर काय बोलणार. दादा, तू हे वाचशील याची मला खात्री आहे, तर ऐक, प्लॅन पूर्ण करायला गेले होते तेव्हा मी रेसच्या स्टार्टलाईनलाच पोचले नव्हते.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं पण, कारण याच्यावरून कोणी ऊन दिसलं की घरी बसेल तर तेही चूक. उकाड्यात पळायची शरीराला सवय होते, साधारण १० ते १४ दिवस रोज थोडं थोडं उन्हाळ्यात पळलं तर घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातलं पाणी वाढतं, तोच पेस सोपा वाटायला लागतो. ते दिवस फक्त इझी पळायचं. आणि दोन-तीन आठवडे सोडून दिलं की सवय जाते. शिवाय दादासारखी माणसं खरंच असतात, किडकिडीत, ज्यांना ऊन कमी बाधतं, त्याने त्याच्या पद्धतीने चांगल्या वेळा मारल्यात हे मी नाकारत नाही. माझं शरीर तसं नाही, तुमचं कसं आहे ते तुम्ही बघा.

पाण्याचं एक राहिलं. तहान लागेल तसं प्या, भीतीपोटी ढोसू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ रनर्सचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, प्रमाणापेक्षा खाली गेलं होतं, आणि जास्त पाणी पिऊन ज्यांचं वजन रेसमध्ये वाढलं होतं त्यांना तो धोका जास्त होता. पळायच्या आधी आणि नंतर वजन करा, चार-पाच वेळा केलंत की तुम्हाला किती घाम जातो ते कळेल.

अंगावर काटा, चक्कर, साधा हिशोब न जमणं, यातलं काहीही झालं तर त्या क्षणी थांबा, किती राहिले ते बघूच नका. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर आधी त्याला गार पाण्याने भिजवा, बर्फ असेल तर बर्फात, सोबत अँब्युलन्सला फोन लावा, घाम येतोय म्हणजे ठीक आहे असं समजू नका. बीपीची वगैरे गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोलूनच उन्हाळ्यातले लॉन्ग रन ठरवा.

आणि ते सोमवारचे ७ करू नका. मंगळवारी चाळीस मिनिटं इझी पळा, पुढच्या रविवारी परत १८-१९ ने सुरुवात करा, अर्ध्या तासाने आधी निघून.